न आलेली एकेचाळीस माणसं

मी एक जुना काउंटर आहे, मित्रांनो. दुकानात असतो तो नव्हे, हातात धरायचा. मुठीत मावेन एवढा गोल, पोलादी. वर अंगठ्याने दाबायचं बटण, समोर चार इवल्या खिडक्या आणि त्यांत आकडे. दाबलं की टिक म्हणायचं आणि एकाने पुढे सरकायचं, एवढंच मला येतं. पण तेवढं मी मन लावून करतो.

कारखान्यात माझ्या पोटात चार चाकं बसवली. उजवीकडच्या चाकाने दहा पावलं टाकली की शेजारच्याने एक टाकायचं, ही आमची घरची शिस्त. एका म्हाताऱ्या तपासनिसाने मला हजार वेळा दाबून पाहिलं, मान डोलावली आणि मगच डबीत ठेवलं. पहिली नोकरी लागली होड्यांच्या धक्क्यावर. साठ माणसं चढली की होडी सोडायची, एकसष्टाव्याला कितीही घाई असो. तो एकसष्टावा दर वेळी माझ्याकडे असा बघायचा, की जणू मीच त्याची वाट अडवली. मला त्याचं वाईट वाटे, पण माझी छातीही जरा फुगे. पुढे धक्क्यावर फिरतं फाटक आलं, ते स्वतःच मोजू लागलं आणि मी खणात पडलो. किती वर्षं पडलो ते विचारू नका. खणात मोजण्यासारखं काही नसतं.

तिथून मला बाहेर काढलं बाईंनी. बाई विद्यापीठात संशोधन पद्धती शिकवतात. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल असा दरारा. त्यांची एक रीत होती. एम. ए.ची नवी मुलं आली की पुस्तक उघडायच्या आधी बाई त्यांतल्या दोघांना ग्रंथालयाच्या दाराशी उभं करायच्या. एकाच्या हातात मी, दुसऱ्याच्या हातात कागद-पेन्सिल. तासाभरात आत येणारी माणसं मोजायची. दोघांचे आकडे कधीच जुळायचे नाहीत. मग बाई खुशीत विचारायच्या, "कडेवरचं बाळ धरलंस का? चहाला जाऊन परत आलेले ग्रंथपाल किती वेळा मोजलेस? 'आत येणं' म्हणजे काय, ते आधी ठरवलं होतं का?" मुलं एकमेकांकडे बघायची. त्या दिवशी त्यांना व्याख्येचं महत्त्व कळायचं ते कायमचं. मी टेबलावर बसून हे सगळं ऐकायचो आणि मलाही आपण शिक्षक असल्यासारखं वाटायचं.

एका वर्षी एका विद्यार्थ्याच्या हातून मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून गडगडत गेलो. त्याने घाबरून मला उचललं, चार-सहा वेळा दाबून पाहिलं. टिक टिक झाली. त्याचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

आता सिस्टरविषयी सांगतो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लाडकं माणूस. पंधरा वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून काम केलेली, एका वर्षाची अभ्यासरजा घेऊन पदव्युत्तर शिक्षणाला आलेली. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. तीही तिला सिस्टरच म्हणायची. ती पहिल्या दिवशीच बाईंना म्हणाली, "ओपीडीतून कितीतरी माणसं केसपेपर न काढताच परत जातात. रांग फार मोठी असते म्हणून. त्यावर मला प्रबंध करायचाय."

बाई म्हणाल्या, "कारण तुला माहीतच आहे, तर मग शोधणार काय?"

सिस्टर जरा हिरमुसली. पण हटली नाही. तिने संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला. बाई लाल पेनाने खोडायच्या, ती पुन्हा लिहायची. 'कितीतरी' खोडलं गेलं, 'फार' खोडलं गेलं, 'सर्वांना माहीत आहे की' तर तीन वेळा खोडलं गेलं. समितीची बैठक ठरली. त्या दिवशी आराखडा मंजूर झाला नाही, तर रजा वाया जाणार होती आणि सिस्टर पदवीविनाच वॉर्डात परतणार होती. दुसऱ्यांदा रजा मिळत नाही, हे तिच्या कार्यालयाने लेखी कळवलं होतं.

बाई म्हणाल्या, "एक सकाळ प्रत्यक्ष मोजून बघ. साधनं चालतात का ते कळेल," आणि मला तिच्या हातात दिलं.

तिच्याच रुग्णालयाच्या ओपीडीच्या दाराशी आम्ही चार तास उभे राहिलो. आत येणारा प्रत्येक रुग्ण म्हणजे एक टिक. सोबतचे नातेवाईक नाहीत, औषधवाले नाहीत. व्याख्या पक्की होती. दुपारी मी दाखवलं चारशे बारा. खिडकीवर केसपेपर निघाले होते तीनशे सहासष्ट. म्हणजे शेहेचाळीस माणसं परत गेली होती. दहातला एक तरी. सिस्टरने मला अक्षरशः गालाला लावलं. इतकं कौतुक माझं धक्क्यावरही कुणी केलं नव्हतं.

बैठकीला दोन दिवस उरले होते. सिस्टर टेबलाशी बसून आराखड्याची स्वच्छ प्रत काढत होती. तिच्या सासूबाईंना गुडघ्यासाठी रोज शंभर वेळा पाय उचलायला सांगितलं होतं. त्यांनी सहज मला हातात घेतलं आणि पाय उचलत दाबू लागल्या. या सासूबाई म्हणजे शाळेत तीस वर्षं कवायत शिकवलेल्या. त्यांचं तोंडाने मोजणं चुकणं शक्यच नाही.

"अगं, हे तुझं यंत्र लबाड आहे," त्या म्हणाल्या. "माझे शंभर झाले आणि हे म्हणतंय एकशे अकरा."

"आई, तुमचं मोजताना चुकलं असेल."

सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग सिस्टरने काड्यापेटी आणली, काड्या एकेक बाजूला सारत मला दाबू लागली. सात, आठ, नऊ, अकरा. मित्रांनो, त्या क्षणी मलाच पहिल्यांदा कळलं. पायऱ्यांवरून पडलो तेव्हा माझ्या चाकाचा एक दात तुटला होता. नऊनंतर मी शून्यावर थांबतच नव्हतो. दर नऊ माणसांमागे एक जास्तीचं सांगत होतो. त्या चारशे बारांमधली एकेचाळीस माणसं कधी आलीच नव्हती. ती मी, एका इमानदार यंत्राने, मनानेच आणून उभी केली होती.

शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.  सिस्टरने कागदावर वजाबाकी केली. शेहेचाळीसातून एकेचाळीस गेले, उरले पाच.

तिचे यजमान आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रेमळ माणूस, बायकोच्या काळजीनेच बोलला. "परवा काही बोलू नकोस. आधी मंजुरी घे, मग सावकाश दुरुस्त कर. यंत्राच्या पोटात कोण बघायला जातंय?"

"अहो, मी बघितलंय ना," सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि दाबून दाखवलं. बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं आकडे जुळत नव्हते," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी दर वेळी मुलांची व्याख्याच तपासत राहिले. याला दाबून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आकडे जुळले नाहीत की मला आनंदच व्हायचा ना." एवढ्या मोठ्या शिक्षिकेने विद्यार्थिनीसमोर चूक कबूल केली, तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला.

बैठकीत सिस्टरने मला सगळ्यांसमोर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.  अध्यक्षांनी पानं उलटली. "म्हणजे दहातला एक हे खोटं. मग तुमच्या विषयात उरलं काय?"

"पाच माणसं उरली, सर. आणि तोही आकडा हिशेबाने काढलेला आहे, पुन्हा मोजावं लागेल. पण कुणीतरी परत जातंय. रांगेमुळेच जातं, असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे मला माहीत नाही."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या, पण ओठांचा कोपरा हलत होता. "आराखड्यातलं मला पटलेलं हे पहिलंच वाक्य," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी सही केली. अट एवढीच की मोजणी नव्याने व्हावी आणि परत जाणाऱ्यांना गाठून विचारावं.

घड्याळवाल्याने मला नवा दात बसवला. सासूबाईंनी स्वतः शंभर मोजून मला उत्तीर्ण केलं. आम्ही पुन्हा ओपीडीच्या दाराशी उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी एक काका रांगेत अगदी खिडकीपाशी पोचले आणि तिथूनच मागे फिरले. रांग त्यांनी पुरी सोसली होती. सिस्टरने मला खिशात टाकलं आणि ती धावली.

"काका, नंबर तर आला होता. का चाललात?"

काकांनी आधी मागे वळून पाहिलं. मग म्हणाले, "काचेमागून ओरडून विचारतात, काय होतंय म्हणून. मागे आमचे शेजारीच उभे. त्यांच्यासमोर कसं सांगू?"

 त्याच काचेमागे सिस्टर नोकरीत चार वर्षं बसली होती आणि ओरडून तेच विचारत होती.  मग तिने काकांचा हात धरून त्यांना कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं.

मित्रांनो, मला पाडू नका, अधूनमधून तेलाचा थेंब द्या, आणि माझ्यावर कितीही जीव जडला तरी वापरायच्या आधी मला शंभर वेळा दाबून बघा. मग किती माणसं आली ते मी खरं सांगेन. का गेली ते मात्र त्यांनाच विचारा, जवळ बसून, हळू आवाजात.