काजाचा व्हिडिओ

शिवणवर्गाला शिकवायला बाई हवी होती. मी अर्ज केला, तर त्यांनी फोनवर लिंक धाडली. हाताने काज कसं करतात ते तीन मिनिटांत दाखवायचं, तिथल्या तिथेच रेकॉर्ड करायचं आणि पाचच्या आत पाठवायचं.

"मावशी, असलं ब्राउझरमधलं रेकॉर्डिंग मोबाईलवर धड चालत नाही. अ‍ॅप घे," भाची म्हणाली. घे म्हणे! आमच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे इतके फोटो, की मुंगी शिरायला जागा नाही. शेवटी आमच्या शिलाईच्या दुकानातच लिंक उघडली. माझ्या नवऱ्याने, म्हणजे ह्यांनी, फोन धरला.

पहिल्या खेपेला अर्ध्या मिनिटात स्क्रीन काळी झाली आणि सगळं गेलं. दुसऱ्या खेपेला मध्येच भाचीचा फोन. "झालं का गं?" होत आलं होतं, बाई, तुझ्यामुळे पाण्यात गेलं! मग ह्यांनीच शोध लावला, स्क्रीनवर मधूनमधून बोट टेकवलं की ती विझत नाही.

बावीस वर्षं मी ह्यांच्या दुकानात काजं करतेय. नाव होतं ते ह्यांच्या शर्टांचं. ही नोकरी मिळाली तर माझं म्हणून काहीतरी होणार होतं. मी गेल्यावर दुकानाचं काय, हा विषय दोघांनीही काढला नव्हता.

तिसऱ्या खेपेला काज झकास झालं. पण शेवटी 'तुम्हालाच का घ्यावं?' याचं उत्तर द्यायचं होतं. एवढी तोंडाळ मी, पण दातखीळच बसली. तेवढ्यात फोनमागून हे बोलले.

"मी हिचा नवरा. शिंपी आहे. लोक माझे शर्ट नावाजतात, पण त्यावरची काजं सगळी हिची. मला काज जमत नाही. कधीच जमलं नाही. ही गेली की माझं अडेल. तरी हिलाच घ्या."

वेळ संपली. ह्यांनी जीभ चावली. "अगं, माझाच आवाज आला त्यात! अजून दहा मिनिटं आहेत, पुन्हा करू."

"खबरदार हात लावलात तर!" मी ओरडले आणि डोळे पुसत 'पाठवा' दाबलं. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, ते मलाच माहीत नव्हतं.

ह्यांनी एक चिंधी पुढे ओढली. "मग आता मला शिकव," म्हणाले. पहिलं काज इतकं वाकडं केलं, की एरवी मी ह्यांना सोललं असतं. पण आज माया दाटून आली होती. नुसती जवळ सरकून बसले.