पेटीतली मावशी

रेडिओवरच्या गाण्यांचा खर्च उचलणाऱ्या दंतमंजनवाल्याची अट एकच होती: गाणारी ‘मिस’ हवी. लग्न झालेलीचा आवाज ऐकून दात कोण घासणार? शांघायच्या रेडिओवर गाणाऱ्या सगळ्याच मिस असायच्या. एखादीचा नवरा तर दाराबाहेर छत्री धरून उभा असे. सुलानही ‘मिस यिन’ झाली; तिचा नवरा बोटीवर कामाला, महिनोन्‌महिने लांब. घरी होती ती नुकती बोलायला लागलेली लेक, नाननान.

“लोकांसमोर मला मावशी म्हणायचं हं.”

पोर हुशार. एकदा सांगितलं की पक्कं.

पहिल्या तालमीला सुलान ऑपेरावाल्यांसारखी आवाज फेकून गायली. वाद्यवृंदाच्या जू मास्तरांनी कानांवर हात ठेवले.

“अगं बये, नदीपलीकडच्या कुणाशी भांडतेस का? मायक्रोफोन म्हणजे निजणाऱ्याचा कान. कानात सांग!”

सुलानने डोळे मिटले आणि नाननानचा कान आठवला. चाल तिच्या आईच्या, निंगबोकडच्या अंगाईची. खाली सॅक्सोफोन आणि फॉक्सट्रॉट नाचाचा ठेका. शब्द मात्र उत्तरेकडच्या शुद्ध भाषेतले, जी घरात कुणी बोलत नसे. फर्माइशींचे फोन थांबेनात. ज्याला त्याला वाटलं, ही आपल्याच कानात गाते.

“तुझी काळजीच नको,” पोरीला सांभाळणारी वूबाई सांगायची. “रेडिओ लावून ‘मावशी गातेय बघ’ म्हटलं की पेजेची वाटी चट्टामट्टा. रेडिओच्या पेटीला गाल लावून निजते.”

सुलानला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं, हेच पुढे सलत राहिलं.

एका संध्याकाळी पोरीला ताप भरला. रडं काही केल्या थांबेना, तेव्हा वूबाई तिला पाठीला बांधून रेडिओ स्टेशनातच घेऊन आली. गाणं संपवून सुलान बाहेर आली, तर पोर व्हरांड्यात गाणं ऐकवणाऱ्या कर्ण्याकडे हात पसरून हुंदके देत होती. शेजारी दंतमंजनवाला.

“ही कुणाची?”

“बहिणीची.” सुलानने पोरीला उचललं. अंग भाजत होतं. “रडू नको राणी, मावशी आलीय ना?”

नाननानने तिला दोन्ही हातांनी ढकललं. “तू नाही! मावशी आत आहे!”

“मिस यिन, ही तर तुमची सगळ्यात पक्की चाहती निघाली!” दंतमंजनवाला खो खो हसला. सगळे हसले. सुलानही हसली.

दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं.

“वेड लागलंय का?” जू मास्तर ओरडले. “सगळं शहर तुझ्यासाठी कान लावून बसतं!”

“शहराला दुसरी मिळेल, मास्तर.”

मिळालीही, त्याच चालीवर गाणारी.

“आता मला आईच म्हणायचं,” सुलानने पोरीला सांगितलं. “सगळीकडे.”

“बरं, आई.” एकदा सांगितलं की पक्कं.

संध्याकाळी पेटीतून नवी मिस गायला लागली, तशी नाननानने गाल काढून घेतला. सुलान तिला कुशीत घेऊन अगदी कानाशी गायली. चाल तीच, शब्दही तेच. फक्त सॅक्सोफोन नव्हता.

पोरीने शहाण्यासारखं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं,

“आई, मावशी कधी येणार?”