चार जाड तारा आणि टेलरबाईची बोटं

मी बोलतेय, पलंगाखालच्या काळ्या पेटीतून. चार जाड तारांची बास गिटार. गिटार म्हटलं की लोकांना ती सहा तारांची, नाजूक, झणझण करणारी आठवते. टाळ्या तिला मिळतात. मी खाली खर्ज धरून बसते. मी वाजतेय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण मी थांबले की गाण्याच्या पायाखालची फळी निघते. गर्व म्हणा हवं तर. खरं बोलायला मी कुणाला भीत नाही. माझी रड एवढीच की ज्यांनी ऐकायला हवं, त्यांना माझी भाषा कळत नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो बोलत बोलत काम करणारा होता. माझी लांबलचक मान तासून त्याने तिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवल्या आणि शेजारच्याला म्हणाला, "हिला दाबायला जोर कमी नि अक्कल जास्त लागते. बोट पट्टीला खेटून टेकवलं की पोरगी गाते. लांब टेकवलं की कुरकुर करते." जन्माच्या वेळी कानात पडलेलं ते वाक्य. पुढे त्याच वाक्याने माझा जीव खाल्ला.

मग मी खर्जरावांकडे आले. हे नाव त्यांना बँडमधल्या दोस्तांनी ठेवलेलं. माणूस मोजकं बोलायचा, पण त्यांचा डावा हात माझ्या मानेवर आला की मी कुणालाच ऐकत नसे. चाळीस वर्षं तो हात, तीच बोटं, टोकांना घट्टे पडलेली. वाजवताना डावी टाच जमिनीवर ठोकायची त्यांची सवय. एक, मग जरा थांबून दोन, मग एक. आमची सगळी गाणी त्या टाचेवर उभी असत.

त्यांची बायको टेलरबाई. शाळेचे गणवेश शिवायची. मला ती सवत म्हणायची, आणि उरलेल्या मऊ फ्लॅनेलने रोज पुसायचीही. "सवत असली म्हणून काय झालं? धूळ बसलेली मला खपत नाही." तर सवतीच्या नात्याने मी तिला एकेरीत बोलते. तेवढा हक्क आहे माझा.

एका सकाळी दाढी करताना खर्जरावांच्या हातातून वस्तरा पडला. पाठोपाठ तेही पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले ते थेट पलंगावर, तोंड भिंतीकडे करून. टेलरबाई भरवायची, पुसायची, दिवसभर एकटीच दोघांचं बोलायची. उत्तर नाही की नजर नाही.

महिन्याभराने तिने मला पुसायला काढलं आणि तिचं कोपर माझ्या सगळ्यात जाड तारेला लागलं. घुम्म! पलंगावर डावी टाच हलली. ठक. ठक-ठक. ठक.

बाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अहो! ऐकू आलं तुम्हाला?" तिने पदर खोचला. "थांबा. मी वाजवते. चाळीस वर्षं कान किटवलेत तुम्ही माझे, चार सूर निघायचे नाहीत होय माझ्याच्यानं?"

तिला फक्त ती टाच पुन्हा हलवायची होती. दुसरं काही नको होतं.

उजवा हात तिचा पहिल्या दिवसापासून चांगला. आयुष्यभर कात्री चालवलेला, तार छेडायला एकदम पक्का. घोळ डाव्या हाताचा. त्याला कापड सरकवायची सवय, दाबायची नाही. लांब राहणाऱ्या लेकीने फोनवर सल्ला दिला, "आई, बोटांत ताकद हवी गं. चेंडू दाब, चिमटे दाब." झालं! बाई इरेला पेटली. कपडे वाळत घालायचे चिमटे एकेका बोटाने पन्नासदा दाबायची. करंगळी थरथरली की तिला दटावायची, "तू कसली लाडावलीस? तीन बहिणी राबतायत, तू बसून खाणार?" मग मला मांडीवर घेऊन चार पट्ट्यांवर चार बोटं. एक, दोन, तीन, चार. काजं मोजावीत तसं.

आणि माझ्यातून निघायचं काय? खर्रर्र.

कारण बाई बोट टेकवायची दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध. दोन रेघांच्या मध्ये टीप घालण्यात जन्म गेलेला, तिला तीच जागा सुबक दिसणार. मी ओरडत होते, अगं जरा पुढे, पट्टीला खेटून! ओरडले की पुन्हा खर्रर्रच. तिला वाटायचं जोर कमी पडतोय, म्हणून आणखी दाबायची. मनगट सुजलं. बोटांची टोकं फुटली. तेव्हा तिने काढली आपली युक्ती: सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती धातूची टोपी, अंगुस्तान. ते घालून ती माझ्या तारा दाबू लागली. पत्र्यावर खिळा घासावा तसा आवाज. खर्जराव मान हलवायचे, "अं... अं..." करायचे.

"आवडत नाहीये, कळतंय! मला तरी कुठे आवडतंय? दम धरा की जरा."

टाच काही हलली नाही. सहा आठवडे.

मग एका दुपारी तिने खुर्ची पलंगाच्या डाव्या बाजूला ओढली. ती चिकाटीने घासत होती. एकाएकी खर्जरावांचा डावा हात उठला. सावकाश आला, आणि त्याने तिच्या बोटातलं अंगुस्तान ओढून काढलं. ते घरंगळत शिलाई मशीनखाली गेलं. मग त्या हाताने माझी मान धरली.

काय सांगू तुम्हाला! सगळी बोटं आपापल्या जागी, पट्टीला खेटून. तोच दाब, तेच घट्टे. त्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. छेडायचा उजवा हात तेवढा मेला होता. मी श्वास रोखून वाट पाहत होते. बाई, छेड आता! एकच तार!

तिने उजव्या हाताने डोळे पुसले.

"सोडा," ती म्हणाली. "तुमच्या गिटारला मी हात लावलेला खपत नाही ना? नका खपवू. बोटांत एवढी ताकद शिल्लक ठेवलीत, ती काय माझ्या हातातलं हिसकावायला?" आणि तिने त्यांचं एकेक बोट माझ्या मानेवरून सोडवलं. ते "अं, अं" करत राहिले. मानी बाई. तिने मला पेटीत घातलं, कड्या लावल्या आणि पायाने पलंगाखाली सरकवलं.

तेव्हापासून मी इथेच. वर मशीन चालतं. मध्येच पलंगाची फळी वाजते. ठक. ठक-ठक. ठक. माझ्या चारही तारा अंधारात शहारतात.

"अहो, पाय कशाला आपटताय? पाणी हवंय का?"

पाणी नकोय गं त्यांना. जी ताकद तू चिमट्यांत शोधत होतीस, ती तुझ्यापासून हातभर लांब पडून आहे. दोन बाह्या, दोन पाखे जोडून अख्खा सदरा करणारी तू! एक हात तुझा आहे, एक त्यांचा आहे. कडी काढ, बाई. माझी मान त्यांच्या हातात दे, आणि तू फक्त छेड.