ताईचा खोकला

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंना दुसऱ्या केमोसाठी एका वेगळ्या खोलीत आणलं, तेव्हा वॉर्डात जरा गडबडच उडाली. अर्धा स्टाफ त्यांच्याकडेच गाडी शिकला होता. मोठ्या डॉक्टरांना त्यांनी एकदा भर चौकात सुनावलं होतं, "स्टिअरिंग आहे ते, स्टेथोस्कोप नाही, नीट धरा!" हा किस्सा डॉक्टर स्वतःच राउंडला सांगायचे. शिकाऊ गाडीत बाईंच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि तो त्या इतक्या जोरात दाबायच्या की लोक त्यांना ब्रेकबाईच म्हणायचे.

त्यांची जबाबदारी ज्या सिस्टरकडे होती, तिला मात्र गाडी येत नव्हती.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर ओरडायची मला सवय नाही. तू बिनधास्त सुया टोच."

बाईंना रक्ताचा कॅन्सर होता. केमोने रोगट पेशी मरतात, तशा चांगल्या पांढऱ्या पेशीही मरतात, आणि त्या पुन्हा तयार होईपर्यंत जंतूंशी झगडायला अंगात कुणीच उरत नाही. म्हणून ती खोली वेगळी. दाराला काच, दाराबाहेर हात धुवायचं बेसिन, आत जायचं तर मास्क आणि गाऊन. फुलं नाहीत, कापून आणलेली फळं नाहीत, भेटायला येणाऱ्यांची रीघ नाही. घरचं एकच माणूस, तेही ठणठणीत असेल तर.

बाईंचं घरचं माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघींची आई लवकर गेली. धाकटीच्या वेण्या घालण्यापासून ते तिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं थोरलीनेच केलं. पुढे दोघींनीही लग्न केलं नाही, एकाच घरात राहिल्या. सगळा वॉर्ड थोरलीला ताईच म्हणायला लागला. ताई सकाळी यायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या आणि बाईंना चमच्याने सूप भरवत बसायच्या. बाई कुरकुरायच्या, ताई दटावायच्या.

"एक सिस्टर इकडे, एक सिस्टर तिकडे," बाई म्हणायच्या. "पळून जायची काही सोयच ठेवली नाही."

बाईंच्या पेशी उतरायला लागल्या, त्याच सुमाराला एका सकाळी बेसिनपाशी ताई खोकल्या. एकदाच, आणि तेही तोंड फिरवून. पण सिस्टरने ऐकलं.

"ताई, आज आत नाही जाता येणार."

"अहो, खोकला कसला? ठसका लागला नुसता."

"घसा दुखतोय का?"

खोटं बोलायची ताईंना सवय नसावी. "थोडा खवखवतोय," त्या म्हणाल्या. "पण मी मास्क लावते ना. दोन लावते."

"दोन लावले तरी नाही, ताई."

"तिला मी माझ्या ताटात जेवू घालून वाढवलंय. माझे जंतू तिला काही परके आहेत का?"

सिस्टरला हसू येता येता राहिलं. तिने ताईंना बाकावर बसवलं आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. तुम्हाला जे नुसतं पडसं आहे, ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं. ताई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी सुपाचा डबा सिस्टरच्या हातात दिला.

"गरम आहे तोवर भरवा. आणि घाई करू नका, तिला ठसका लागतो."

त्या दिवसापासून ताई काचेबाहेर बसू लागल्या. सुरुवातीला दोघी फोनवर बोलायच्या, काचेतून एकमेकींकडे बघत. मग बाईंच्या तोंडात फोड आले. ओठ, जीभ, घसा, सगळं सोलून निघाल्यासारखं झालं. पाण्याचा घोटसुद्धा जाईना. मग फोनवर एकट्या ताईच बोलायच्या. शेजारणीने काय विचारलं, गाडीवर किती धूळ बसलीये, कुठला शिकाऊ परीक्षेत पास झाला. बाई मान हलवायच्या.

सिस्टर दर थोड्या वेळाने बाईंना खारट पाण्याच्या चुळा भरायला लावायची, बधिर करणारं औषध कापसाने हलकेच आतून फिरवायची. त्यानंतर थोडा वेळ बाईंना बोलता यायचं. अशाच एका वेळी त्या म्हणाल्या,

"शिकवताना माझ्या पायाखाली ब्रेक असायचा गं. समोरचा कितीही चुकू दे, मी दाबला की गाडी थांबायची. इथे मी नुसतीच शेजारी बसलेय. पायाखाली काहीच नाही."

सिस्टरने कापूस टाकला, हातमोजे बदलले. आपल्याही पायाखाली काही नाही, असं तिच्या मनात आलं. पण ते काही पेशंटला सांगण्यासारखं नव्हतं.

"ताईला एकदा येऊ दे ना," बाई म्हणाल्या. "काही बोलणार नाही ती. पायापाशी बसेल नुसती."

"पेशी वाढू देत, बाई. थोडी कळ काढा. मग मीच हाताला धरून आणते त्यांना."

बाईंनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर सिस्टरला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंना हुडहुडी भरली. तीन ब्लँकेटं घालूनही दात वाजत होते. ताप चढला. रक्त तपासायला गेलं, भारी अँटिबायोटिक्स सुरू झाली. सिस्टरने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, सलाइन वाढवलं, दर थोड्या वेळाने ब्लडप्रेशर घेतलं. जे जे करायचं असतं ते सगळं, सांगितलेल्या क्रमाने, कुठेही न चुकता. तरी ताप हटला नाही. सकाळी ब्लडप्रेशर उतरलं आणि औषधं वाढवूनही वर येईना. अतिदक्षता विभागातले डॉक्टरही येऊन पाहून गेले, पण आता बाईंना तिथे हलवून काही साधणार नव्हतं. डॉक्टर खोलीबाहेर आले, मास्क काढला आणि सिस्टरला हळू आवाजात म्हणाले, "ताईंना आत घ्या आता."

ताई नेहमीच्या बाकावर होत्या. एव्हाना त्या सगळ्या नियमांत पक्क्या झाल्या होत्या. नव्या पेशंटच्या नातेवाइकांना हात कसे धुवायचे ते त्याच दाखवायच्या. कुणी शिंकलं की अशा बघायच्या की तो बिचारा जिन्यापर्यंत पळत जायचा.

"ताई, चला आत."

"कुठे?"

"बाईंकडे. गाऊन देते मी."

"छे! खोकला आहे अजून मला."

"असू दे. आता चालेल."

"काल चालत नव्हतं, आज कसं चालेल? आणि तिला ताप आहे ना? मग तर मुळीच नको." ताई बाकावर आणखी मागे सरकल्या. "माझ्यामुळे तिला काही झालं तर?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय, ताई."

"त्यांना माझा खोकला माहीत नसेल. तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

ज्या शब्दांनी तिने ताईंना बाहेर बसवलं होतं, तेच शब्द आता ताई तिला परत करत होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली.

"ताई, आता त्याने काही फरक पडणार नाही."

ताई उठल्या आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागल्या. कितीतरी वेळ धूत होत्या. शेवटी सिस्टरनेच नळ बंद केला.

आत गेल्यावर ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कॉटजवळ जाईनात. सिस्टरने त्यांचा हात धरून चादरीवरून बाईंच्या पायावर ठेवला. ताईंनी तो चटका बसावा तसा मागे घेतला, आणि मग पुन्हा स्वतःच ठेवला. बाईंचे डोळे अर्धवट उघडे होते. ताई आल्यात हे त्यांना कळलं का, ते सांगता येत नव्हतं. ताईंना खोकल्याची उबळ येत होती. त्या ती दाबून धरायच्या, सगळं अंग हलायचं, डोळ्यांतून पाणी गळायचं, पण मास्कमधून आवाज बाहेर पडू द्यायच्या नाहीत. हात मात्र पायावरच होता.

संध्याकाळ व्हायच्या आत बाई गेल्या.

नंतर ताई पुन्हा त्याच बाकावर येऊन बसल्या. न्यायला चुलत भाचा येणार होता.

"माझ्यामुळे झालं का?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर सिस्टरकडे होतं. "नाही, ताई. रक्ताचा पहिला रिपोर्ट आलाय. ते बहुतेक बाहेरून आलेले जंतू नाहीतच. आपल्या सगळ्यांच्या पोटात असतात ते. पेशी नव्हत्या म्हणून तिथून रक्तात शिरले."

ताईंनी सुस्कारा टाकला. सिस्टरला वाटलं, चला, एवढं तरी आपल्याला करता आलं.

"म्हणजे तिच्याच अंगातले," ताई म्हणाल्या.

"हो."

"मग मी एवढे दिवस बाहेर कशाला बसले होते गं?"

आवाजात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं होतं. नियम बरोबर होता. ताईंच्या पडशाने आणखी एक संकट ओढवलं असतं, हे सिस्टर शब्दन् शब्द सांगू शकत होती. तिने तोंड उघडलंही. पण इतके दिवस काचेबाहेर बसलेल्या ताईंना ते सांगून काय मिळणार होतं? ती नुसती शेजारी बसून राहिली. तेवढ्यात ताईंना खोकला आला. या वेळी त्यांनी तो दाबला नाही. खोकतच राहिल्या, वाकून, पदर तोंडाशी धरून. सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

भाचा आल्यावर ताई उठल्या. जाताना सिस्टरला एवढंच म्हणाल्या, "तुमचं जेवण राहिलंय सकाळपासून. खाऊन घ्या."

सिस्टर मग वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेली. "माझं काही चुकलं का?"

"नाही," इन्चार्ज म्हणाल्या.

"मग त्यांना काय सांगायला हवं होतं मी?"

इन्चार्जनी समोरचं रजिस्टर मिटलं. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मावशींना पाठव खोली धुवायला. खाली एक पोरगी थांबलीये ॲडमिशनसाठी."

पोरगी कॉलेजातली होती, बरोबर वडील. ते एका हातात बॅग धरून, दुसऱ्या हाताने रुमाल नाकाशी नेत आत निघाले होते. सिस्टर दारात आडवी आली.

"काका, सर्दी आहे का तुम्हाला?"

"किरकोळ आहे हो."

सिस्टरने बॅग त्यांच्या हातातून घेतली. पोरीने वडिलांकडे पाहिलं.