धुराचा सूड

घरात नवी वस्तू आणायची म्हटली, की दुकानातला सौदा लवकर पटतो. खरी घासाघीस होते ती घरात. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? पण अकोल्याच्या जुन्या शहरात १९६४ साली चंद्रभानच्या घरी जे घडलं, त्यात एका बाईने मनात सूड धरला होता, आणि घरातल्या कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

चंद्रभान बांधकाम खात्यात कारकून होता. वडील किसनराव यांची मोर्णा नदीच्या पलीकडे काळ्या मातीची शेती होती. चंद्रभानचं लग्न भातकुलीच्या सुभद्राशी झालं, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं, की बायको रोज सकाळी स्वयंपाकघरातून पदराने डोळे पुसत बाहेर येते. चुलीला जळण म्हणून शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची झाडं. खिडकी हातभर. भिंती डांबर फासल्यासारख्या काळ्या.

एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, सैपाकघर नवं करू म्हन्तो. मोठी खिडकी पाडू, उभ्यानं सैपाक करासाठी ओटा बांधू. अन् चुलीच्या जागी इष्टो."

"कर बाप्पा," किसनराव म्हणाले. "तुही कमाई, तुही हौस."

चंद्रभानची आई मैनाबाई हिच्या हातातला घास हातातच राहिला. "अन् चूल?"

"चूल काढून टाकू."

"मी जित्ती हाय तोवर चूल हालनार नाई! माह्या सासूनं सोताच्या हातानं घातलेली चूल हाय थे."

शेवटी तडजोड झाली. खिडकी पडली, तिच्याखाली शहाबादी फरशीचा ओटा झाला, पण कोपऱ्यातली चूल जागच्या जागी राहिली. घरात सगळ्यांना वाटलं, सासूच्या आठवणीने आईचा जीव चुलीत अडकला आहे. खरी गोष्ट उलटी होती. मैनाबाईला त्या सासूचं नाव जरी निघालं तरी तोंड कडू व्हायचं.

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. सासू पार्बताबाई वाळलेल्या पऱ्हाट्या कोठीत ठेवून कुलूप लावी, आणि सुनेपुढे अंगणातल्या दवाने ओल्या झालेल्या टाकी. पोर फुंकणी फुंकून फुंकून दमायची, ठसका लागून बाहेर पळायची, तर सासू दारातच उभी. "आमी फुकलं ना? मंग तूही फुक!" धूर फार झाला की किसनराव आपलं ताट उचलून ओसरीवर जाऊन बसत. ताट उचललं, बायकोला मात्र कधी विचारलं नाही. पुढे म्हातारी अंथरुणाला खिळली. मैनाबाईने तिचं सगळं केलं, आणि ती सुखाने गेली. मैनाबाईचे डोळे मात्र कायमचे गेल्यासारखे झाले. सुईत दोरा ओवायलाही आता दुसरं कोणी लागे.

सूड घ्यायचा तर कोणावर? जिच्यावर घ्यायचा ती निघून गेली होती. आणि आता ही कालची पोर उजेडात, वाऱ्यात, उभ्याने स्वयंपाक करणार! हिने असं काय पुण्य केलं? मैनाबाईच्या छातीत निखारा पडला. "म्या धुरात जवानी घातली," ती मनाशी म्हणाली. "पाहू हे कशी सुटते!"

चंद्रभानने बाजारातून वातींचा स्टोव्ह आणला. सुभद्राने त्यावर चहा केला आणि तिचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेल्याचं पाहून मैनाबाईने वाती खालून ओढल्या, काही आत ढकलल्या, आणि स्टोव्ह होता तसा ठेवून दिला. संध्याकाळी काजळीचे असे लोट उठले, की भाताचं पातेलं आणि नवी पांढरी भिंत दोन्ही काळी झाली.

"पाह्यलं? म्हनून म्हन्तो चूल बरी," मैनाबाई म्हणाली, आणि देवापुढे दिवा लावायला गेली. किती बरं वाटलं तिला!

चंद्रभानने हार मानली नाही. त्याच्या कचेरीतल्या साहेबांच्या घरी नवा प्रेशर कुकर आला होता. अमरावतीला कामानिमित्त गेला तेव्हा त्याने शोधून तसाच एक आणला. शेजारपाजारच्या बायका पाहायला आल्या. कोणी म्हणालं हा फुटतो, कोणी म्हणालं यात अन्नाचा कस जातो. सुभद्राने माहितीपत्रक अक्षर लावून वाचलं, झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पण ज्या दिवशी डाळ शिजवायची, त्या दिवशी झाकणातलं रबराचं कडं जागेवर नव्हतं! वाफ चहूबाजूंनी निसटली, डाळ कच्ची राहिली. कडं कुठे होतं? परसातल्या उकिरड्यात, शेणाखाली.

कुकर घेऊन चंद्रभान पुन्हा अमरावतीला गेला. दुकानदार भगवंत लढ्ढा म्हणाला, "भाऊ, रबर लावूनच देलं होतं. तुमच्यासमोर झाकन लावून दाखोलं."

"मंग काय घरी उंदरानं नेलं? खोटी वस्तू खपोता अन् वरून मलेच शिकोता?" चंद्रभान भर दुकानात ओरडला. गिऱ्हाइकं जमली. 'चोर' हा शब्दही त्याच्या तोंडून गेला. भगवंत लढ्ढाने दुसरं रबर टेबलावर टाकलं आणि हात जोडले. "हे घ्या अन् जा. पुन्यांदा माह्या दुकानात येऊ नोका."

घरी येऊन चंद्रभानने सगळं तावातावाने सांगितलं. मैनाबाई ऐकत होती. तिच्यापायी एका भल्या माणसाला चारचौघांत चोर म्हटलं गेलं होतं.

मग आला हवेचा स्टोव्ह. पितळी, लखलखीत, पंप मारला की निळी ज्योत भरभर करून उठे. आता स्वयंपाक असा झटपट होऊ लागला, की सुभद्रा दुपारी ओसरीवर बसून पोलक्यावर फुलं काढू लागली, आणि गाणं गुणगुणू लागली. ते गाणं मैनाबाईच्या कानात शिशासारखं उतरलं. त्या वयात ती स्वतः या वेळेला दुसऱ्यांदा चूल पेटवत असे.

मंगळवारी सकाळी तिने राकेलची बाटली उचलली. अर्धं राकेल मोरीत ओतलं आणि तितकंच पाणी भरलं. ओल्या पऱ्हाट्या मिळत नाहीत ना हिला? मग ओलं राकेल घे!

सुभद्राने बाटलीकडे न पाहताच स्टोव्ह भरला, काकडा लावला, पंप मारला. ज्योत तडतडली, पिवळी झाली, विझली. तिने पिन मारली, पुन्हा पंप मारला, पुन्हा काडी ओढली. आत राकेलबरोबर पाणीही गेलेलं. स्टोव्हच्या तोंडातून तेलाची चिळकांडी उडाली आणि एकदम भडका झाला! पदर पेटला. "मायवं!" ही किंकाळी साऱ्या गल्लीने ऐकली.

मैनाबाई दारातच उभी होती. पाहायला म्हणून उभी होती. पण पोरीच्या अंगाला आग लागलेली पाहताच तिच्यातला सगळा सूड पळाला. तिने दारातलं गोणपाट ओढून सुभद्राला कवटाळलं, तिला खाली पाडलं, आणि उघड्या हातांनी आग चेपली.

आग विझली. सुभद्राचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. ती उठली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमचे हात! तुमचे हात पाहा ना वं किती पोळले!"

ते ऐकून मैनाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडूही येईना.

दोन दिवसांनी किसनरावांची धाकटी बहीण केशरबाई आली. ती विधवा, अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण. सुभद्राला पाहून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर राकेलची काचेची बाटली तशीच होती. खिडकीतलं ऊन तिच्यात पडलं होतं, आणि आत खाली पाणी, वर राकेल, मध्ये स्वच्छ रेघ दिसत होती. केशरबाईने ती रेघ पाहिली. मग तिने दार लोटून घेतलं आणि भावजयीला जवळ बोलावलं.

"वयनी, यात पानी कोनं टाकलं?"

मैनाबाईने मान खाली घातली. मग एकदम उसळून म्हणाली, "म्या टाकलं! जा, सांग साऱ्या गावाले! तुह्या मायनं मले काय केलं थे कोनं इचारलं? माहे डोये गेले केसर, डोये! तवा कुठी होते सारे?"

"मी इथीच होती," केशरबाई हळू म्हणाली. "कोठीची किल्ली मायच्या कमरेले असे. मले सारं मालूम हाय. तुह्या मनात आग हाय ना, थे खोटी नाई वयनी. तुह्यावर अन्यावच झाला. तुले सूड पाह्यजे, तर घे. मी नाई म्हनत नाई."

मैनाबाई चमकली.

"पन ज्याच्याकडून घ्याचा त्याच्याकडून घे! सुभद्रानं तुहं काय घेतलं? उद्या तिचा हात बरा होईन, अन् मनात हे राहीन. मंग ते तिच्या सुनेवर काढन. मायनं हेच तं केलं. तिच्या सासूचं तुह्यावर काढलं. माय जिंकली वयनी! ते मेली, पन तिची रीत तुह्या हातानं चालू हाय. तू तिचा सूड घेतला नाई, तू तिची चाकरी करून राहिली!"

हे शब्द मैनाबाईच्या काळजात घुसले. जिचा जन्मभर तिरस्कार केला, तिचीच मी चाकर?

ती उठली. ओसरीवर किसनराव आणि चंद्रभान बसले होते, सुभद्रा दाराच्या आतच खाटेवर. सगळ्यांच्या देखत तिने वातींचं सांगितलं, रबराचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. चंद्रभान पांढरा पडला. "आई, म्या त्या मानसाले चोर म्हनलं!"

"मी येतो तुह्यासंग. मीच सांगतो त्याले," मैनाबाई म्हणाली. किसनराव तिच्यावर ओरडू लागले.

"तिले काहून बोलतं?" केशरबाई भावाकडे वळली. "दादा, तू ताट घेऊन ओसरीवर जाये, थे मले आठोते. एक शब्द तू मायले बोलला असता तं?"

किसनराव ओसरीवरून उठून अंगणात गेले.

मैनाबाई सुनेच्या खाटेपाशी गेली. "सुबद्रे, मले माफ नको करू. पन एक शब्द बोल."

"आत्याबाई, मले तुमचं भ्या वाटते," सुभद्रा म्हणाली. "आतापासून राकेल मीच भरीन. बाटलीले तुमी हात लावू नोका."

"नाई लावत," मैनाबाई म्हणाली. तिने ते मुकाट्याने सोसलं, कारण ते खरं होतं.

अमरावतीच्या दुकानात तिने भगवंत लढ्ढापुढे हात जोडले, तेव्हा तो लगेच विरघळला नाही. "बाई, चोर म्हनलं तवा दुकान भरलेलं होतं. आज दुकानात कोनी नाई," एवढंच तो म्हणाला. तेव्हा चंद्रभान बाजाराच्या दिवशी पुन्हा गेला, आणि भरल्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने माफी मागितली.

सुभद्राचा हात बरा होत आला, तशी एके सकाळी मैनाबाई कोठीतून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन स्वयंपाकघरात आली. चंद्रभान पुढे झाला. "आई, गवंड्याले बोलावू."

"सरक बाजूले! गवंड्याचं काम नोहे हे."

तिने सब्बल दोन्ही हातांनी उचलली आणि चुलीच्या तोंडावर घातली. माती उडाली. "पार्बताबाई!" ती मोठ्याने ओरडली, जणू म्हातारी दारातच उभी होती. "पाह्य! तुही सून तुही चूल फोडून राहिली! माही सून धुरात मरनार नाई! मरनार नाई!" घाव बसत गेले, राख घरभर उडाली, आणि मैनाबाईच्या त्या अर्धवट डोळ्यांतून पाणी घळघळ वाहू लागलं. सुभद्रा दारातून पाहत होती. मग ती आत आली, सासूच्या हातातली सब्बल तिने धरली, आणि शेवटचा उंचवटा दोघींनी मिळून उखडला.

वाचकहो, ज्या घरात सासूने सुनेचा सूड घेतला असं आपण ऐकतो, तिथे जरा मागे जाऊन पाहा. त्या सासूलाही कोणीतरी कधी धुरात बसवलेलं असतं, आणि तिचा नवरा ताट उचलून ओसरीवर गेलेला असतो. आपल्यावर झालेला अन्याय विसरा, असं कोणी कोणाला सांगू नये. पण तो पुढच्या पोरीच्या माथी मारला, तर अन्याय करणाराच जिंकतो. सूड घ्यायचाच असेल तर त्या रीतीवर घ्या, आणि तिला मुळासकट उखडून टाका!