दोन इंच सैल

फोन वाजला तेव्हा मी एका नर्सच्या गणवेशाला बाही जोडत होतो. मी आणि बायको पाच महिने कारखान्याच्या फोनची वाट बघत होतो. म्हणून मशीन न थांबवताच मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "आली का छत्री?"

 पलीकडून आवाज आला, "मास्तर, दवाखान्यातून बोलतोय. एक्स-रे विभागातून. तुम्ही आहात तसे या."

मी होतो तसा गेलो. गळ्यात मापाची टेप तशीच होती. माझी बायको तिच्या एक्स-रेच्या यंत्राजवळ उभी होती, ती खाली बसली आणि परत उठली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असंही म्हणाले. कुणीतरी माझ्या गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि माझ्या खिशात ठेवली. त्या दिवसातलं मला एवढंच स्पष्ट आठवतं.

छत्री म्हणजे पावसाची नव्हे. विमानातून उडी मारायची.

बायको त्या दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे काढत होती. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे दिवसातून शंभरदा म्हणायची, घरीसुद्धा. मी चिडलो की म्हणायची, "अहो मास्तर, श्वास घ्या, धरा, सोडा." बावन्नाव्या वाढदिवसाला दवाखान्यातल्या मुली तिला गावाबाहेरच्या धावपट्टीवर घेऊन गेल्या. तिथे उड्या मारणाऱ्यांचा एक क्लब आहे. शिकवणाऱ्याच्या छातीला बांधून तिने एक उडी मारली. संध्याकाळी घरी आली तेव्हा केसांत गवत होतं आणि एक चप्पल नव्हती.

"तीस वर्षं माणसांचं आतलं बघितलं," ती म्हणाली. "आज वरून बघितलं. वरून सगळी बरी दिसतात हो!"

"झालं ना समाधान?"

"छे! आता एकटीने."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण ती वर्ग करून आली, परीक्षा देऊन आली, आणि एका रविवारी खरंच एकटी आभाळातून उतरली. उतरली म्हणजे बसली. नांगरलेल्या शेतात सपशेल बसली, आणि मी धापा टाकत पोचलो तर हसून हसून तिला उठता येईना. "बघताय काय? हात द्या. आणि आजूबाजूला चप्पल शोधा," म्हणाली. बूट घालून गेली होती, तरी.

मी कधी वर गेलो नाही. मी शिवणकाम करणारा माणूस, माझे पाय जमिनीवर नाहीतर मशीनच्या पायडलवर. दर रविवारी मी तिथल्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायचो. विमान सुटलं की कपात चहा ओतायचो आणि ती उतरेपर्यंत घोट घ्यायचो नाही. दोन वर्षं मी थंड चहा प्यालो.

अडचण एकच होती. क्लबकडे भाड्याच्या रिग तीन आणि उडणारे दहा-बारा. रिग म्हणजे पाठीवरची पिशवी, तिचे पट्टे, आत एक मोठी छत्री, एक राखीव छत्री, आणि माणूस गडबडला तर राखीव छत्री आपणहून उघडणारं एक छोटं यंत्र. कधी तिला पाळी मिळायची, कधी दिवसभर माझ्याशेजारी बाकावर बसावं लागायचं. म्हणून तिला स्वतःची रिग हवी होती. आणि तिथेच एक जुनी विकायला निघाली. एक दंतवैद्य तिथे उडायचे, त्यांची.

क्लबमध्ये छत्र्या तपासून भरणारा एक जण आहे. त्याला सगळे घडीबुवा म्हणतात. राखीव छत्रीची घडी तोच घालतो, त्यावर त्याचीच सही असते. त्याने ती जुनी रिग लांब टेबलावर पसरली. "मावशी, पहिली रिग जुनीच घ्यावी," तो म्हणाला. "हात बसला की दोन वर्षांत लहान छत्री घ्याल. तोवर ही झकास. मी दोरीन्‌दोरी बघितली आहे. ते छोटं यंत्र तेवढं नवीन बसवू."

तिने पट्टे चढवले. छान बसले. ती आरशासमोर उभं राहावं तशी माझ्यासमोर उभी राहिली. "कशी दिसते?"

मी पट्टा उलटा केला. एका टाक्याजवळ तंतू निघालेला दिसला. "हा बघा धागा. हा सुटणार."

"मास्तर, ते वरवरचं तूस आहे," घडीबुवा म्हणाला. "टाका घट्ट आहे. ओढून बघा."

"मी तीस वर्षं शिवतोय. दुसऱ्याने वापरलेल्या कपड्याला मी बटणसुद्धा लावत नाही. घ्यायची तर नवीन. मापाने बनवलेली."

"नवीन यायला सात महिने लागतात हो," ती म्हणाली. "हा मोसम जाईल. मला आत्ता उडायचंय."

आम्ही गाडीत भांडलो, जेवताना भांडलो. पैशाचा प्रश्न होताच, पण भांडण त्यावरून नव्हतं. मला ती जुन्या धाग्यावर लटकलेली दिसत होती. चौथ्या दिवशी तिने माझ्यासमोर चहा ठेवला. गरम.

"हा प्या. नवीन मागवू. मी वर मजेत असते, खाली जीव तुमचा टांगलेला असतो. पण माप तुम्हीच घ्यायचं."

मी तिला दुकानात उभी केली. छाती, कंबर, मांडी, खांद्यापासून मांडीपर्यंत.

"श्वास घेऊ, धरू की सोडू?"

"गप्प उभी राहा."

"गुदगुल्या होतात. अहो, या फॉर्मवर वर काहीतरी ठळक छापलंय. वाचा की."

"मला माप शिकवणार आहेत का ते?"

तिने पिवळा आणि करडा रंग निवडला. फॉर्म गेला. सात महिन्यांतले पाच तिने काढले. त्या पाच महिन्यांत किती रविवार ती बाकावर नुसती बसली, ते मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही. दंतवैद्यांची जुनी रिग दोनच दिवसांत एका पाववाल्याने घेतली होती, आणि ते पाच महिने तो तीच घेऊन आमच्या डोक्यावरून उतरत होता. ती त्याला टाळ्या वाजवायची. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खोकं ती गेल्यावर दोन महिन्यांनी आलं. मी ते कापडाच्या ताग्यांमागे ठेवलं. महिनाभर त्याच्याकडे पाठ करून शिवत बसलो. मग एक दिवस गणवेश न्यायला आलेली नर्स म्हणाली, "मास्तर, ते कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." बरोबर होतं तिचं. रविवारी थर्मास घेतला, खोकं घेतलं आणि गेलो.

क्लबमध्ये एक मुलगी नवी होती. स्कूटरवरून कुरिअर वाटायची, म्हणून सगळे तिला कुरिअरच म्हणत. तिचीही पहिलीच रिग घ्यायची वेळ. आणि गंमत बघा, पाववाला आता लहान छत्री घेणार होता, म्हणून त्याने ती जुनी रिग विकायला काढली होती. टेबलावर एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला माझं खोकं.

"काका, मला तर नवीनच हवी," कुरिअर म्हणाली. "आईला म्हटलं जुनी घेतेय, तर म्हणाली, जुनी स्कूटर रस्त्यात बंद पडते, ही कुठे बंद पडेल माहीत आहे ना?"

घडीबुवा हसला नाही. त्याने खोकं उघडलं. पिवळा रंग बाहेर आला. मग तो मला म्हणाला, "मास्तर, हिची अंगकाठी अगदी मावशींची. हिलाच बसेल."

मुलीने रिग चढवली. पट्टे ओढले. आणखी ओढले. शेवटपर्यंत ओढले. घडीबुवाने तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली हात घातला, तर अख्खी मूठ आत गेली.

"मास्तर, माप कुणी घेतलं होतं?"

"मी."

"कसं?"

मी खिशातून टेप काढली, त्याच्या छातीभोवती लावली आणि सवयीने टेपखाली दोन बोटं घातली. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण. माणूस जेवतो, श्वास घेतो, हात वर करतो. त्याला जागा ठेवायची. छातीत दोन इंच, कंबरेत दोन इंच.

घडीबुवा माझ्या बोटांकडे बघत राहिला. "मास्तर," तो म्हणाला, "हा काय सदरा आहे?"

"म्हणजे?"

"हे पट्टे अंगाला चिकटून बसायला हवेत. छत्री उघडताना झटका बसतो. सैल असले तर माणूस आतल्या आत घसरतो. फॉर्मच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, माप घट्ट घ्या, सैल ठेवू नका. वाचलं नाहीत?"

"तिने सांगितलं होतं वाचा म्हणून."

"ही रिग मावशी असताना आली असती ना, तरी मी त्यांना एक उडी मारू दिली नसती. सगळी परत पाठवली असती. आणखी तीन महिने."

मी बाकावर बसलो. इतके दिवस मी मनात एकच घोकत होतो, की नवीनचा हट्ट धरून मी तिचा मोसम घालवला. आता कळलं की नवीन आली असती तर तीही मीच बिघडवून ठेवली होती. धागा म्हणजे मी, माप म्हणजे मी, असं नाक वर करून सांगणारा मी! हात दाखवून अवलक्षण. तिला हे कळतं तर काय झालं असतं, ते मला डोळ्यांसमोर दिसलं. ती त्या सैल पट्ट्यांत उभी राहिली असती, दोन्ही मुठी आत घातल्या असत्या आणि क्लबभर फिरून दाखवलं असतं, "बघा हो, माझ्या मास्तरांनी माप घेतलंय! जेवायलासुद्धा जागा ठेवली आहे!" आणि हसत हसत बसली असती. त्या शेतात बसली होती तशी.

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग थांबेना. कुरिअर घाबरली. "काका, पाणी देऊ?" मग तीही हसायला लागली. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो, आणि तेही स्वतःच्या चुकीवर.

डोळे पुसले तेव्हा कुरिअर जुनी रिग घेऊन माझ्यासमोर उभी होती. "काका, तुम्हाला धाग्यातलं कळतं. मापातलं जाऊ दे."

"जाऊ दे," मी म्हणालो.

"ही बघून सांगा. घेऊ का?"

मी चष्मा लावला. एकेक टाका बघितला. तो तंतू अजून होता. पाववाल्याच्या साठ उड्या झाल्या होत्या आणि तो तेवढाच होता, केसभरही वाढला नव्हता. मी नख लावून ओढला, तो हातात आला. खालचा टाका दगडासारखा. घडीबुवा सांगत होता तेच, तूस.

"घे," मी म्हणालो. "आईला सांग, शिंप्याने बघितली आहे."

तिने चढवली. घडीबुवाने मूठ घालायचा प्रयत्न केला, बोटसुद्धा गेलं नाही. दुपारच्या विमानाने ती वर गेली. मी कपात चहा ओतला. छत्री उघडली, लाल, वापरून जराशी विटलेली, आणि ती सरळ येऊन दोन पायांवर उतरली. आणि काय ओरडली! सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मी चहाचा घोट घेतला. थंडच होता. बायकोने 'मला आत्ता उडायचंय' म्हटलं होतं, तेच खरं होतं.

"आता ही पिवळी परत खोक्यात घालू?" मी घडीबुवाला विचारलं.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी बायकोपेक्षा बोटभर उंच, आणि पोट दोन इंच जास्त. तो माझ्या मागे आला आणि पट्टे माझ्या खांद्यांवर चढवले. छातीवरचा आवळला, मांडीवरचे आवळले. मूठ घातली, जाईना. बोट घातलं, जाईना.

"मास्तर," तो म्हणाला, "आयुष्यात एक माप बरोबर घेतलंत. फक्त माणूस चुकला."

कुरिअर हसून खाली बसली. मी तसाच उभा राहिलो, पाठीवर ओझं घेऊन, सत्तावन्न वर्षांचा, तोंडात टाचणी नाही, गळ्यात टेप नाही. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. बरं वाटलं.

ती विकली नाही. दुकानात खुंटीवर असते, गणवेशांच्या रांगेत. गिऱ्हाईक विचारतं, हे कुणाचं? मी म्हणतो, घरचं आहे. मी क्लबच्या वर्गात नाव घातलं, डॉक्टरांनी तपासून ठीक म्हटलं, आणि आता भाड्याची रिग मिळेल त्या रविवारी मी वर जातो. न मिळाली तर बाकावर बसतो. विमानाच्या दारात उभा राहिलो की श्वास घेतो, धरतो, सोडतो. उतरताना दर वेळी बसतोच. चहा मात्र आता कुरिअर धरून ठेवते, आणि गरम असताना पिऊन टाकते.

पंचवीस उड्या झाल्याशिवाय घडीबुवा मला पिवळी वापरू देणार नाही. तोवर पोट वाढू द्यायचं नाही, एवढं पथ्य. चार झाल्या आहेत. एकवीस राहिल्या आहेत.