हातातली सोंगटी सांगायची नाही

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी इतक्या थपडा खाल्ल्या आहेत, की एखादं लेचंपेचं फर्निचर केव्हाच चुलीत गेलं असतं. मी बारा महिने उकाड्याच्या बानी गावात मिंगाबाईंच्या किराणा दुकानापुढे असलेलं, ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डॉमिनो खेळायचं जुनं टेबल आहे. सुताराने मला महोगनीच्या एका दारापासून बनवलं. दार होतो तेव्हा लोक माझ्यावर हळूच टकटक करत. टेबल झाल्यावर सोंगट्या आपटू लागले. याला बढती म्हणतात.

आमच्या खेळात समोरासमोर बसतात ते भिडू. हातात कोणती सोंगटी आहे हे भिडूला सांगायचं नाही, असा नियम. मग माणसं आंब्यांवर, सुनांवर, गुडघ्यांवर बोलतात आणि भिडूला बरोबर कळतं. फेयोआजोबा आणि चागो यांचं म्हातारपण असंच माझ्या दोन बाजूंना गेलं. माझा आवाज गावात सगळ्यात खणखणीत, असं दोघंही म्हणायचे. पुसलं मात्र कुणीच नाही.

एका शनिवारी शाळेच्या नेरेइदाबाई मुलांना घेऊन आल्या. मुलांनी लिहिलेल्या गोष्टींतली माणसं मुकी असतात, ही त्यांची तक्रार. आई रागावली, मुलगा रडला, गोष्ट संपली.

"माणसं कशी बोलतात ते ऐका, आणि तस्संच लिहा," बाई म्हणाल्या.

हे खेळणाऱ्या माणसांनीही ऐकलं आणि ती लगेच बिघडली.

"आदरणीय मित्रा, आपली पाळी आहे," चागो म्हणाला.

"आभारी आहे, महोदय," फेयोआजोबा म्हणाले.

"ऊन लागलं का रे दोघांना?" मिंगाबाई आतून ओरडल्या.

बाईंनी कपाळाला हात लावला. मुलांनी 'महोदय' लिहून घेतलं.

मुलं गेली. फेयोआजोबांची नात योकास्ता तेवढी थांबली. आई वारल्यापासून आजोबांनीच तिला वाढवलं होतं, त्यामुळे घरी जायचं ते त्यांच्याबरोबरच. ती पिंपावर बसून लिहीत राहिली. खेळ रंगला तशी ती कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

"टाक की लेका!" चागो म्हणाला. "सोंगटी आहे ती, अंडं नाही उबवायचं."

"गुडघा दुखतोय."

"गुडघ्याने खेळतोस होय? कोट झाला का शिवून?"

"झाला. भलताच जड आहे."

"लागेल तिथं. बर्फ पडतो म्हणे."

"म्हणे."

"पोरीला सांगितलंस?"

"चागो, खेळ."

आजोबांच्या मुलाने त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं होतं. एकट्यालाच. मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाने काय करायचं?

पुढच्या शनिवारी वाचन माझ्याभोवतीच झालं. बाकीच्यांच्या गोष्टींत कोंबडीसुद्धा 'महोदय' म्हणत होती. मग योकास्ताने वाचलं. अंड्यापाशी सगळे खो खो हसले. कोटापाशी हसू थांबलं.

बाई हरखल्या होत्या. "शाबास! बघा, कुणी काही सांगत नाही, तरी आपल्याला कळतं. काय कळतं बरं?"

विचारता विचारता त्यांनाही कळलं.

योकास्ताने कागदावर पुन्हा एकदा नजर फिरवली. लिहिताना तिने फक्त शब्द ऐकले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?"

फेयोआजोबांनी सोंगटी उचलली. आपटली नाही. दारावर टकटक करावी तशी हळूच ठेवली.

ते न्यूयॉर्कला गेले. ऐन आंब्यांच्या दिवसांत, हातावर कोट घेऊन. योकास्ता मिंगाबाईंकडे राहते आणि शाळा सुटली की आजोबांच्या खुर्चीवर बसते.

"टाक की गं बये," चागो म्हणतो.

"गुडघा दुखतोय," ती म्हणते.

मग सोंगटी हळूच ठेवते.

मित्रांनो, माझ्यावर ओले ग्लास ठेवू नका, एवढंच खरं तर मागायचं होतं. पण तुम्ही गोष्टी लिहिता, म्हणून सांगतो. गोष्टीतल्या माणसांना बोलू द्या, आणि ती काय बोलायचं टाळतात तेही ऐका. आणि घरात कुणी जाड कोट शिवायला टाकला, तर सोंगट्या खाली ठेवून विचारा.

मला विचारता आलं नाही. मी टेबल आहे.